पाठ असलेली वायर

टीव्हीला लावलेली डबी पुन्हा बंद पडली. पडदा काळा झाला, मग कंपनीचं पांढरं चिन्ह उमटलं, त्याखाली ठिपके गोल गोल फिरू लागले आणि कानामात्रा खुर्चीत पुढे सरकून बसले. या खेपेला तरी ती पुढे जाईल, असं त्यांना दर वेळी वाटे. ठिपके थांबले. चित्रांची पहिली ओळ पडद्यावर येते न येते तोच पुन्हा काळोख, पुन्हा ते चिन्ह.

"उठली का?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"उठली. पुन्हा झोपली."

"एवढ्या उठाबशा शाळेत काढल्या असत्या तर मास्तरांनासुद्धा दया आली असती."

कानामात्रा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभी हयात त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवली. तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी हे नाव त्यांना चिकटवलं ते कायमचं. पुढे छापखाना विकला गेला, जुळारी दाही दिशांना पांगले, नाव तेवढं सोबत घरी आलं. बायको चिडली की या नावाने हाक मारी आणि मुलगा लाडात आला की.

मुलगा गेल्या हिवाळ्यात गेला. सकाळी बूट घालून कामाला निघाला, जिना उतरला, शेवटच्या पायरीवर जरा टेकला आणि मग उठलाच नाही. वय काही जायचं नव्हतं. पण वयाला विचारून कोण जातं?

घरात आता तिघं उरली. कानामात्रा, त्यांची बायको आणि सून. सून दातांची डॉक्टर, दिवसभर दवाखान्यात. तिघंही एकमेकांना फार जपत, आणि जपण्याची रीत अशी की त्याचा विषय कुणी काढायचा नाही. सासू रडायची ती नळ मोठा सोडून. सून गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची आणि कपडे वाळेपर्यंत खाली यायची नाही. कानामात्रांना रडता येत नसे. ते दुपारी टीव्ही लावत.

डबी मुलानेच आणलेली. काळी, बोटभर लांबीची, टीव्हीच्या पाठीत खोचलेली, तिला मागून एक वायर. इंटरनेटवरून सिनेमे आणि मालिका ओढून आणणारी ती चीज त्याने ज्या दिवशी बसवली, त्या दिवशी वडिलांना बॅटरी धरायला लावून स्वतः टीव्हीमागे पालथा झाला होता. "बघा कानामात्रा, ही वायर डबीतून निघाली, या ठोकळ्यात गेली, ठोकळा भिंतीत. तपासून घ्या." कानामात्रांनी चष्मा वर करून तपासलं होतं आणि "छापायला हरकत नाही" असा शेरा दिला होता. मग मुलाने घरातल्या माणसांचे गोल गोल चेहरे पडद्यावर केले. ज्याने त्याने आपल्या चेहऱ्यावर जायचं आणि आपल्याला हवं ते बघायचं. स्वतःच्या चेहऱ्याखाली त्याने लिहिलं 'झोपाळू', बायकोच्या खाली 'सरकार', आईच्या खाली 'गृहखातं'. आईने तो चेहरा कधी उघडला नाही, तिला पत्ताही नव्हता. वडिलांना मात्र त्याने वेगळा चेहरा दिलाच नाही. चौथ्या गोलाखाली लिहिलं होतं, 'चष्मा आणि मी'.

या चौथ्या चेहऱ्यात दोघांनी मिळून एक परदेशी मालिका धरली होती. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह आणि ते सांभाळणारी तीन भावंडं. कानामात्रांना हल्ली कमी ऐकू येई, म्हणून मुलाने मुद्दाम खाली मराठी ओळी येणारी मालिका निवडली. निवड चुकलीच म्हणायची. कारण कानामात्रा गोष्ट बघायचे सोडून ओळी तपासत. पहिल्याच भागात वादळात सापडलेला कप्तान नरडं फाटेस्तोवर ओरडतो आणि खाली ओळ येते, 'कृपया दोर सोडण्याची तसदी घ्यावी.' कानामात्रांचा हात आपोआप वर गेला. मुलाने चित्र थांबवलं. "काय चुकलं, कानामात्रा?"

"अरे, बुडणारा माणूस तसदी घ्यावी म्हणेल का?"

त्यावर मुलगा इतका हसला, इतका हसला की ते वाक्य घरात रूढ झालं. मीठ हवं असलं तरी तो म्हणे, "सरकार, मीठ देण्याची तसदी घ्यावी." मग रविवारामागून रविवार हेच. हात वर, चित्र थांबलं, "काय चुकलं?"

शेवटच्या रविवारी पाहुणे आले आणि भाग अर्ध्यावर राहिला. थोरली बहीण हातात कंदील घेऊन दीपगृहाचा जिना चढतेय, तिथे. "उरलेला पुढच्या रविवारी," मुलगा म्हणाला.

कानामात्रांनी तो उरलेला भाग पाहिला नव्हता. पाहायचाही नव्हता. दुपारी बायको आडवी झाली की ते डबी लावत, चौथ्या चेहऱ्यावर जात. तिथे पहिल्याच ओळीत ते कंदिलाचं चित्र असे, आणि त्याच्याखाली एक लाल रेघ, निम्म्यावर येऊन थांबलेली. दोघांनी कुठवर पाहिलं त्याची खूण. ते ती रेघ पाहत, घटकाभर बसत आणि टीव्ही बंद करत. बस, एवढंच. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि सांगायचं तरी काय? म्हातारा दुपारी एक रेघ बघतो?

आणि आता डबी त्या रेघेपर्यंत पोचेनाशी झाली होती. कधी चेहऱ्यांपर्यंत येई, कधी त्याच्याही आधी कोसळे.

त्यांनी जमेल ते करून पाहिलं. रिमोटचे सेल बदलले. डबी काढून दुसऱ्या खाचेत घातली. इंटरनेटचं यंत्र बंद करून चालू केलं. उकाडा वाढला तेव्हा डबी तापत असेल म्हणून टेबलफॅन टीव्हीच्या पाठीशी नेऊन ठेवला.

"माणसं घामाने भिजतायत आणि हे डबीला वारा घालतायत," बायको म्हणाली. "एवढं काय अडलंय हो तुमचं त्या डबीवाचून?"

"अडलंय कुठे? बिघडलेली वस्तू दुरुस्त करू नये का?"

शेवटी त्यांनी डबीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती आणि कागदावरचं वाचत होती, हे त्यांनी पहिल्या वाक्यात ओळखलं.

"सर, डबीसोबत आलेलाच अडॅप्टर लावलाय ना?"

"हो."

"भिंतीतल्या सॉकेटमध्ये?"

"हो हो. माझ्या मुलाने माझ्यासमोर लावलाय," कानामात्रा म्हणाले. हे वाक्य म्हणताना त्यांना बरं वाटलं. फार दिवसांत 'माझ्या मुलाने' असं ते कुणाशी बोलले नव्हते.

"मग सर, फॅक्टरी रिसेट करावं लागेल. डबी नवीन होती तशी होईल."

"आणि आत जे आहे ते?"

"ते पुसलं जातं सर. पण तुमचा पासवर्ड टाकला की सगळं जसंच्या तसं परत."

जेवताना त्यांनी हे सांगितलं, तेही निम्मंच. सून ताटातला घास चिवडत राहिली.

"पासवर्ड त्यालाच माहीत होता, बाबा. विसरला म्हणून सांगितलं तर कोड त्याच्या नंबरवर जाणार." ती थांबली. "तो नंबर मी पहिल्याच महिन्यात बंद करून टाकला. कुणीकुणी फोन करायचं त्यावर."

सासू उठून नळाकडे गेली.

"नवीन खातं उघडू की," सून म्हणाली. "वर्गणी इंटरनेटच्या बिलातच येते. काय बिघडतं?"

"काही नाही बिघडत," कानामात्रा म्हणाले, आणि पाण्याच्या घोटाबरोबर घास गिळला.

सुनेच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाला आला. अंगाने आडवा, तोंडाने त्याहून. आल्या आल्या त्याने टीव्हीकडे असं पाहिलं, जसं वैद्य जीभ दाखवा म्हणायच्या आधी पाहतो.

"किती दिवस झाले आजोबा, हिचं हे?"

"उन्हाळा लागल्यापासून."

"अडॅप्टर तिचाच ना? दुसरा कुठला फोनबिनचा नाही ना जोडलेला?"

"तिचाच," कानामात्रा म्हणाले. "मुलाने लावलेला."

"मग डोकं फिरलंय हिचं. पुसायला लागेल. दोन मिनिटांचं काम." त्याने रिमोट हातात घेतला. "ही दोन बटणं एकदम दाबून धरायची, ती विचारते नक्की का, आपण म्हणायचं नक्की. झालं. कोरी पाटी."

"दवाखान्यात आम्ही दात काढायच्या आधी एक्स-रे तरी काढतो," सून म्हणाली.

"ताई, हा दुधाचा दात आहे. पडला तर नवीन येतो. दाबू का, आजोबा?"

सगळी त्यांच्याकडे पाहू लागली. सून दाराला टेकून उभी होती. बायको हातात पोळपाट घेऊन बाहेर आली होती. दुरुस्तीवाल्याचे दोन अंगठे दोन बटणांवर टेकले होते आणि कानामात्रांच्या डोळ्यांपुढे ती लाल रेघ होती. हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"थांबा. मला एकदा तपासू द्या."

"तपासायला ते काय पुस्तक आहे?" बायको म्हणाली.

ते पुस्तक नव्हतं. पण कानामात्रांना दुसरं काही येतच नव्हतं. आणि आत्ता, अगदी आत्ता, त्यांच्या ध्यानात आलं होतं की एकच प्रश्न आपल्याला दोनदा विचारला गेला, आपण दोन्ही वेळा हो म्हणालो आणि दोन्ही वेळा पाहिलं मात्र नाही. छापखान्यातला म्हातारा फोरमन नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगे. जो मजकूर तुला पाठ आहे, तो तू तपासू नकोस. डोळा वाचतच नाही, मन म्हणत जातं. आणि दुसरं कुणी नसलंच, तर शेवटच्या शब्दापासून मागे मागे वाच. अर्थ लागला नाही की डोळा ताळ्यावर येतो.

टीव्हीमागची ती वायर त्यांना पाठ होती. मुलाच्या आवाजासकट.

त्यांनी टीव्ही कोनात फिरवायला लावला आणि गुडघे टेकून खाली बसले. गुडघ्यांनी कटकट केली. वीज भिंतीतून निघते आणि पडद्याशी पोचते, तेव्हा शेवटापासून म्हणजे पडद्यापासून. पडद्याच्या पाठीत डबी, हे ठीक. डबीतून निघालेली वायर, ठीक. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बोट सरकवत नेलं. इथून ती खाली उतरायला हवी होती, भिंतीकडे. ती उतरली नाही. ती वळसा घालून वर गेली, आणि टीव्हीच्याच कडेला असलेल्या एका बारीक खाचेत शिरली.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. सॉकेट रिकामं होतं. भोवतीच्या धुळीत ठोकळ्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता.

"ही भिंतीत नाहीच गेलेली," कानामात्रा म्हणाले. "ही टीव्हीतच गेलीय. ठोकळाच नाही इथे."

दुरुस्तीवाला धापा टाकत वाकला. "आयला! आजोबा, मगाशी तर हो म्हणालात."

"म्हणालो."

"मग बरोबर आहे हिचं. ताई, बघा, टीव्हीचं हे भोक पेनड्राइव्हसाठी असतं. तिथून वीज मिळते, पण चमचाभर. तेवढ्यावर ही डोळे उघडते, आणि काम सुरू झालं की हिला दम लागतो, पडते. उपाशी माणसाला जिना चढायला लावल्यासारखं आहे."

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पण जिना म्हटल्यावर बायकोने हातातला पोळपाट छातीशी धरला.

"अडॅप्टर गेला कुठे पण?" सुनेने विचारलं.

"मी घेतला," सासू म्हणाली.

कानामात्रा जमिनीवरूनच मान वळवून बघत राहिले. "तू? कशाला?"

"उठा. दाखवते."

बैठकीच्या खोलीतून आतल्या खोल्यांकडे जाणारी एक बोळकांडी होती. मध्येच ती वळे आणि त्या वळणावर दिवसाही उजेड पोचत नसे. मुलाचा फोटो तिथे होता, कारण बाकी सगळ्या भिंतींवर तो येता-जाता डोळ्यांत खुपला असता. फोटोखाली फळीवर लिंबाएवढा एक दिवा जळत होता, पिवळ्या उजेडाचा. त्याची वायर खाली आली होती, आणि खालच्या सॉकेटमध्ये तो काळा ठोकळा होता. डबीचा.

"दिवा आणला तर खोक्यात नुसती वायर निघाली," ती म्हणाली. "हा ठोकळा त्याने आणलेला, दणकट आहे म्हणायचा. म्हटलं, त्याचा त्यालाच असू दे. डबीची वायर टीव्हीला खोचून बघितली तर पडद्यावर चित्र आलं. मला वाटलं, भागलं."

"पण दिवा कशाला?"

"लहानपणी बोळातला दिवा चालू असल्याशिवाय झोपत होता का तो? आणि मोठा दिवा ठेवला की तुम्ही उठून विझवता. जन्मभर विझवत आलात."

हे खरं होतं. जळता दिवा त्यांना दिसला की हात बटणाकडे जाई.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

कानामात्रांनी विचार केला. "काही म्हणालो नसतो."

"तेच नको होतं मला."

सून फळीजवळ आली. "मला तर वाटत होतं, हा दिवा बाबांनी लावलाय. म्हणून मी विचारलं नाही."

"मला वाटलं तू लावलायस," कानामात्रा म्हणाले. "म्हणून मीही."

इतके दिवस तिघंही त्या दिव्यासमोरून ये-जा करत होती. कानामात्रांनी तर तो दिवा मुद्दाम कधी विझवला नव्हता, सुनेचं मन मोडेल म्हणून.

बैठकीच्या खोलीतून दुरुस्तीवाल्याचा आवाज आला, "सापडला का? नाहीतर माझ्या पिशवीत आहे तसलाच एक."

कानामात्रा ठोकळ्याकडे पाहत होते. "हा राहू दे इथेच," ते म्हणाले. "पिशवीतला लावा तिकडे."

"बाबा," सून म्हणाली, "एक विचारू? तुम्ही तर टीव्ही बघत नाही. मग डबी पुसायची म्हटल्यावर तुमचा चेहरा असा का झाला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वळणावरच्या त्या अंधारात उभं राहून त्यांनी सांगितलं. दुपारचं, कंदिलाचं, रेघेचं. दोन-तीन वाक्यांत झालं. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यासाठी किती दिवस टेबलफॅनची ने-आण केली. सून खाली वाकली. तिने त्यांच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली, तेवढंच.

दुरुस्तीवाल्याने ठोकळा भिंतीत बसवला. चिन्ह आलं. ठिपके फिरले. मग पडद्यावर चार गोल चेहरे आले आणि तिथेच राहिले.

"हिला उपाशी ठेवू नका म्हणजे झालं," असं म्हणून दुरुस्तीवाला आपली पिशवी उचलून निघाला. दारात वळून म्हणाला, "बरं झालं हां आजोबा, तुम्ही थांबा म्हणालात."

कानामात्रांच्या बायकोने डोळे बारीक करून पडद्यावरची अक्षरं लावली. "झोपाळू. हा तोच. सरकार, ही तू. हे गृहखातं कोण?"

"तुम्ही, आई."

"मी?" ती पडद्याच्या आणखी जवळ गेली. "मेल्याने मला—"

शब्द तोंडून निसटला होता. त्याच्या लहानपणापासून दिवसातून दहादा ती त्याला याच शब्दाने लाडाने झोडपायची, आणि हिवाळ्यापासून तो तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. ती तिथेच उभी राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. नळ पार आत होता. ती तिकडे गेली नाही. सून येऊन तिला चिकटली. कानामात्रांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी बायकोच्या हातातला पोळपाट काढून घेतला आणि तो धरून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने सुनेने रिमोट घेतला, चौथा चेहरा उघडला. कंदील होता. लाल रेघ निम्म्यावर होती.

"बाबा, इथून पुढे बघू या का? आपण तिघं?"

कानामात्रांनी रेघेकडे पाहिलं. पुढे गेली की ती पुढेच जाणार.

"मला काय कळणार अर्ध्यातून?" बायको डोळे पुसत म्हणाली. "ती कोण बाई, जिना कशाला चढतेय, काय ठाऊक. पहिल्यापासून दाखवा."

"मग ही रेघ..."

"हिला हात नको लावायला," सून म्हणाली. ती मागे आली आणि 'गृहखातं' उघडलं. तिथे काहीच नव्हतं, सगळं कोरं. "आईंच्या चेहऱ्यातून पहिल्यापासून बघू. तुमची रेघ तिकडे राहील. आपण पोचू हळूहळू तिथवर. पोचल्यावर ठरवू."

पोळ्या राहिल्या तशाच. तिघं बसली, कानामात्रा मधल्या खुर्चीत. समुद्र आला, खडक आला, दीपगृह आलं. डबी एकदाही डळमळली नाही. मग वादळ उठलं, जहाज कलंडलं आणि कप्तान नरडं फाटेस्तोवर ओरडला. खाली काय येणार हे कानामात्रांना पाठ होतं. तरी त्यांनी ती ओळ एकेक शब्द करत वाचली, आणि वाचता वाचता त्यांचा हात वर गेला.

सुनेने चित्र थांबवलं.

आता शेजारून कुणीतरी काही विचारायची वेळ होती. कानामात्रांनी हात खाली घ्यायला सुरुवात केली.

"काय चुकलं, कानामात्रा?" बायकोने विचारलं.

त्यांनी घसा साफ केला आणि ते सांगू लागले.